पडद्याचा कोपरा

क्रिकेटचा सामना चालू असतांना ज्या दुकानांत रेडिओ लागलेला असे, तेथें शिरणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "स्कोअर काय झाला?" हा प्रश्न विचारण्यास ओळख लागत नसे, आणि वयाचा किंवा मानाचा विधिनिषेधहि नसे. इराण्याच्या हॉटेलांत घोटभर पाणी पिण्यास थांबलेला हमाल तो विचारी, आणि गल्ल्यावर बसलेला मालक त्यास धावा व गडी दोन्ही सांगून वर आपला अभिप्रायहि देई. हा प्रश्न आमच्या व्यवहारांतून आतां जवळजवळ नाहींसा झाला आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, कधीं वरच्या कोपऱ्यांत तर कधीं तळाशीं, एक लहानशी पट्टी असते व ती सामना संपेपर्यंत तेथून हलत नाहीं. प्रश्न तोंडांतून निघण्यापूर्वींच तिनें उत्तर दिलेलें असतें. एका सामन्यांत आपण तिजकडे शेंकडों वेळां पाहतों. परंतु ती तेथें केव्हां आली, कोणीं आणिली, आणि तिच्यांत काय असावें व काय नसावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. या शेवटच्या प्रश्नाचा निकाल तर आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयास करावा लागला. तेव्हां या पट्टीचा इतिहास जरा मागून सांगणें अस्थानीं होणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.

खेळाच्या मैदानावर टेलिव्हिजनचा कॅमेरा प्रथम आला तो पाहुणा म्हणून आला. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकचीं चित्रें त्या शहरांतील कांहीं सार्वजनिक दालनांत लोकांस दाखविण्यांत आलीं. पुढील वर्षीं बी. बी. सी.नें विंबल्डनचें टेनिस दाखविलें, आणि २४ जून १९३८ रोजीं लॉर्ड्सवर सुरू झालेला इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामना हा पडद्यावर दिसलेला पहिला कसोटी सामना ठरला. त्यांत वॉल्टर हॅमंड यांनीं २४० धावा काढिल्या. अलेक्झांड्रा पॅलेसच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी लंडन व आसपासचा मुलूख यांपलीकडे नीटशा पोंचत नसत. आणि सप्टेंबर १९३९ मध्यें युद्धाची चाहूल लागतांच ती सेवाहि बंद पडली. या काळांत कॅमेऱ्याचें वर्तन मोठें भिडस्त होतें. सामना जसा असेल तसा, त्याच्या वेळेनें आणि त्याच्या पोषाखांत, दुरून पाहावा. धावसंख्या दाखवावयाची असल्यास मैदानावरील फलकाकडे तोंड वळवावें, अथवा पुठ्ठ्यावर लिहिलेलीं अक्षरें क्षणभर पडद्यावर आणून पुन्हां काढून घ्यावीं, असा शिरस्ता होता. युद्धानंतरहि तो पुष्कळ वर्षें टिकला.

रेडिओचा धर्म याहून निराळा होता. मुंबईच्या चौरंगी सामन्यांचें समालोचन १९३४ सालापासून करून ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं जी पद्धति पाडली, किंवा पुढें बाळ ज. पंडित यांनीं आकाशवाणीवरून मराठींत जी रसाळ समालोचनें केलीं, तींत धावसंख्या वारंवार सांगणें हें समालोचकाचें पहिलें कर्तव्य असे. ज्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावयाचें आहे त्यास आंकडा सांगितलाच पाहिजे. टेलिव्हिजनवाल्यांची समजूत उलट होती : प्रेक्षक स्वतः पाहत आहे, मग त्यास पुन्हां पुन्हां सांगावयाचें काय? ही समजूत पन्नासांहून अधिक वर्षें टिकली, हें आज सांगितलें तर तरुण वाचकांस खरें वाटणार नाहीं.

दरम्यान पाहुणा घरांतील वस्तूंची मांडणी बदलूं लागलाच होता. ७ डिसेंबर १९६३ रोजीं अमेरिकेंतील लष्करी व नाविक विद्यालयांच्या फुटबॉल सामन्यांत टोनी व्हर्ना नांवाच्या दिग्दर्शकानें नुकताच झालेला खेळ फितीवरून तत्काळ पुन्हां दाखविला. तेव्हां लष्कराच्या संघानें दुसऱ्यांदा गुण मिळविलेले नाहींत, पूर्वीचेंच चित्र पुन्हां दिसत आहे, असें समालोचकास प्रेक्षकांना बजावून सांगावें लागलें! १९७० च्या विश्वचषकासाठीं फुटबॉलचा चेंडू काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा केला गेला, तो रंगहीन पडद्यावर उठून दिसावा म्हणून. त्याचें 'टेलस्टार' हें नांवहि टेलिव्हिजनवरूनच पडलें. टेनिसचा पांढरा चेंडू १९७२ पासून पिवळा होऊं लागला तो रंगीत पडद्यासाठीं. विंबल्डननें मात्र आपला पांढरा चेंडू १९८६ पर्यंत सोडला नाहीं. इंग्रजांच्या सनातनीपणास आम्ही पुष्कळदां हंसतों. परंतु चेंडूचा रंग कोणाच्या सोयीसाठीं बदलावयाचा, या प्रश्नावर चौदा वर्षें अडून बसणाऱ्या त्या क्लबाविषयीं आम्हांस थोडा आदरच वाटतो.

क्रिकेटांतील भीड जिनें समूळ मोडली ती घटना ऑस्ट्रेलियांत घडली. 'चॅनेल नाइन' या दूरचित्रवाणी संस्थेचे मालक केरी पॅकर यांनीं १९७६ सालीं तेथील क्रिकेट मंडळाकडे सामने दाखविण्याचे सर्वाधिकार मागितले, आणि सरकारी ए. बी. सी. देत असे त्याहून कितीतरी अधिक रक्कम देऊं केली. मंडळानें त्यांस वाटेस लाविलें. तेव्हां पॅकर यांनीं निरनिराळ्या देशांतील नामांकित खेळाडूंशीं गुप्तपणें करार केले. १९७७ च्या मे महिन्यांत तें बिंग फुटलें. या खेळाडूंवर बहिष्कार घालण्याचा आंतरराष्ट्रीय परिषदेचा घाट त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लंडनच्या न्यायालयानें बेकायदा ठरविला. मोठीं मैदानें मिळेनात, म्हणून मेलबर्नच्या एका फुटबॉलच्या मैदानावर, बाहेर मोठ्या तबकांत वाढविलेल्या खेळपट्ट्या उचलून आणून बसविण्यांत आल्या आणि खेळ सुरू झाला.

या बंडाची कथा बहुधा पैशाची कथा म्हणून सांगतात, आणि खेळाडूंस त्यापूर्वीं मिळणारें मानधन पाहतां तें चूकहि नाहीं. परंतु आमच्या मतें त्याहून टिकाऊ बदल झाला तो पाहण्याच्या रीतींत झाला. पूर्वीं मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकास असे. त्यामुळें एका षटकांत फलंदाजाचें तोंड दिसे, तर दुसऱ्यांत त्याची पाठ. पॅकर यांच्या माणसांनीं दोन्ही टोकांस कॅमेरे बसविले. आतां प्रत्येक चेंडू गोलंदाजाच्या खांद्यावरून दिसूं लागला, आणि फिरकी म्हणजे काय वस्तु आहे हें ज्यांनीं आयुष्यांत चेंडू हातीं धरला नव्हता त्यांसहि समजूं लागलें. हा उपकार मोठा आहे व तो मान्य केलाच पाहिजे. त्याबरोबरच इतर गोष्टी आल्या. यष्टींजवळ ध्वनिग्राहक आला. रात्रीचा खेळ आला, आणि त्यासाठीं पांढरा चेंडू आला. आणि चेंडू पांढरा झाला तेव्हां १९७९ च्या जानेवारींत कपडे रंगीत झाले. ऑस्ट्रेलियाच्या संघास वॅटलच्या फुलासारखा पिवळा रंग मिळाला (वॅटल हें आपल्या बाभळीच्याच कुळांतील झाड), जागतिक संघास आकाशी, आणि वेस्ट इंडीजच्या त्या धिप्पाड वेगवान गोलंदाजांस पोंवळ्यासारखा गुलाबी! हा रंग त्यांस मुळींच रुचला नाहीं असें म्हणतात, आणि त्यांत नवल नाहीं. शून्यावर बाद झालेला फलंदाज परत निघाला कीं पडद्याच्या खालच्या अंगास एक चितारलेलें बदक रडत रडत त्याजबरोबर चालूं लागे, हीहि नाइनचीच कल्पना. शून्यास इंग्रजींत बदक म्हणतात, एवढाच त्यांतील विनोद. परंतु मुलांस तें बदक खेळाडूंइतकेंच आवडे. ज्यांस क्रिकेट कळत नव्हतें त्यांस पडद्यासमोर बसविण्याची ही युक्ति होती.

प्रथम प्रेक्षक फारसे जमले नाहींत. परंतु २८ नोव्हेंबर १९७८ रोजीं सिडनीच्या मुख्य मैदानावर दिव्यांच्या प्रकाशांत पहिला सामना झाला, तेव्हां लोटलेली गर्दी पाहून मंडळाचे डोळे उघडले. १९७९ च्या मे महिन्यांत तह झाला आणि सामने दाखविण्याचा हक्क पॅकर यांस मिळाला. पुढें २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, ऑस्ट्रेलियांतील क्रिकेट नाइनच्याच नजरेनें पाहिलें गेलें. तहानंतरच्या पहिल्याच हंगामांत तेथील आठ चेंडूंचें षटक सहा चेंडूंचें झालें. षटक संपलें कीं एक जाहिरात दाखवितां येते. षटकें लहान झालीं म्हणजे असे विराम वाढतात, हा हिशेब करण्यास गणिताचा मोठा अभ्यास लागत नाहीं.

नाइनच्या या क्रिकेटचीं सूत्रें डेव्हिड हिल नांवाच्या तरुण अधिकाऱ्याकडे होतीं. आमच्या पट्टीच्या इतिहासांतील मुख्य पुरुष तो हाच. पुढें तो इंग्लंडांत गेला आणि 'स्काय' या उपग्रहवाहिनीच्या क्रीडाविभागाचा प्रमुख झाला. १९९२ च्या ऑगस्टमध्यें इंग्लिश फुटबॉलची नवी प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हां त्यानें सामन्याचें घड्याळ व गोलसंख्या पडद्याच्या कोपऱ्यांत कायमची बसविली. आपण एकदां सामना मध्येंच लाविला, आणि कोणाचे किती गोल झाले हें कितीतरी वेळ कळेना, म्हणून चिडून ही कल्पना सुचली, असें तो सांगत असे. त्याच्या वरिष्ठास ती मूर्खपणाची वाटली व त्यानें ती काढून टाकण्यास सांगितलें. हिलनें तें ऐकिलें नाहीं. दुकानांत शिरणाऱ्याच्या त्या जुन्या प्रश्नासच हें यंत्राचें उत्तर होतें, आणि तें देणारा मनुष्य क्रिकेटच्या शाळेंतून निघाला होता हें विसरतां कामा नये.

इतकें झालें तोंवर ही निव्वळ सोय होती. परंतु डिसेंबर १९९३ मध्यें अमेरिकेंतील 'फॉक्स' कंपनीनें तेथील व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांचे हक्क चार वर्षांकरितां सुमारें १५८ कोटि डॉलर देऊन घेतले, आणि क्रीडाविभाग उभारण्यासाठीं हिलला बोलाविलें. १९९४ मध्यें तीच चौकट अमेरिकेच्या पडद्यावर आली. आणि आतां तिला नांव होतें : 'फॉक्स बॉक्स'. वाचकांनीं या नांवाकडे जरा लक्ष द्यावें. गुणसंख्या कोणाच्या मालकीची नसते. ती मैदानावर घडते व ज्यास दिसेल त्याची असते. परंतु ज्या चौकटींत ती लिहिली जाते ती चौकट कंपनीची झाली, तिचा आकार, अक्षरांचें वळण, रंग, ती बदलतांना होणारा आवाज, हें सारें कंपनीची छाप म्हणून रचलें जाऊं लागलें. सामना कोणत्याहि दोन संघांचा असो, यंत्र लावतांच प्रेक्षकानें प्रथम घर ओळखावें, पाहुणे मागाहून. याच फॉक्सनें १९९६ मध्यें बर्फावरील हॉकीच्या काळ्या चकतीभोवतीं निळी प्रभा दाखविण्याचा प्रयोग केला. रसिकांनीं त्याची इतकी थट्टा केली कीं दोनतीन हंगामांत तो सोडून द्यावा लागला. उलट, सप्टेंबर १९९८ मध्यें अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर आंखलेली भासणारी पिवळी रेघ लोकांस मनापासून आवडली. ती मैदानावर नसते, केवळ पडद्यावर असते, आणि तरीहि खेळाडू तिच्यावरून धांवतांना तिला झांकतात. मैदानावर बसलेल्या प्रेक्षकास ती दिसत नाहीं! ज्यानें तिकिटाचे पैसे भरले त्याच्यापेक्षां घरीं बसलेला अधिक पाहतो, अशी ही उलटापालट आहे.

आपल्या देशांत हा इतिहास निराळ्या वाटेनें आला. मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि रंग आला तो १९८२ मध्यें, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्तानें. त्याच्या पुढच्याच वर्षीं भारतानें विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेंत १८ जून १९८३ रोजीं टनब्रिज वेल्स येथें झिंबाब्वेविरुद्ध संघाची अवस्था ५ बाद १७ अशी झाली असतां कपिलदेव यांनीं नाबाद १७५ धावा काढिल्या. या खेळीचें टेलिव्हिजनचें चित्रण उपलब्ध नाहीं. धावपुस्तकांत तिची प्रत्येक धाव आहे, पाहणाऱ्यांच्या आठवणींत ती आहे, पडद्यावर मात्र ती कधींच येणार नाहीं. आणि तिचें वर्णन ऐकतांना आमच्या पिढीस जो रोमांच होतो तो शंभर वेळां पाहिलेल्या षटकारानें होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. १९८५ च्या मार्चमध्यें सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें मेलबर्नला विजय मिळविला, तेव्हां आपले खेळाडू आकाशी-पिवळ्या पोषाखांत दिसले. तो पोषाख पॅकर यांच्या क्रांतीचाच वारसा. पण १९८७ मध्यें विश्वचषक आपल्याकडे आला तो पांढऱ्या कपड्यांत, लाल चेंडूनें, दिवसाउजेडींच खेळला गेला. १९९२ मध्यें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील विश्वचषकांत सर्व संघांचे पोषाख एकाच आराखड्याचे, फक्त रंग वेगळे, आणि पाठीवर खेळाडूचें नांव, असें ठरलें. भारताच्या वांट्यास गडद निळा रंग आला. आज निळा रंग म्हणजे आपला संघ हें समीकरण लहान मुलासहि ठाऊक आहे; त्याचें मूळ पडद्याच्या सोयींत आहे, याचें भान फार थोड्यांस असतें.

पडद्यावर मालकी कोणाची, हा तंटा मात्र आपल्याकडे जितका खोल गेला तितका फार थोड्या ठिकाणीं गेला असेल. १९९३ च्या नोव्हेंबरांत बंगालच्या क्रिकेट संघटनेनें आपल्या हीरक महोत्सवानिमित्त 'हिरो कप' ही स्पर्धा भरविली. दूरदर्शननें हक्कांबद्दल पैसे देण्याचें तर नाकारलेंच, उलट प्रत्येक सामन्यास ५ लाख रुपये तांत्रिक खर्च म्हणून मागितले. संघटनेनें टी. डब्ल्यू. आय. या परदेशी संस्थेशीं करार केला. सरकारचें म्हणणें असें कीं, १८८५ च्या तार कायद्यान्वयें लहरी पाठविण्याचा अधिकार आमचा. परवानगीवांचून कोणास चित्रें बाहेर धाडतां येणार नाहींत. टी. डब्ल्यू. आय.चीं यंत्रें मुंबईस कस्टम्सनें अडकवून ठेविलीं, प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांत व तेथून सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि न्यायालयाच्या हस्तक्षेपानें सामने दिसले. उपांत्य सामन्यांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शेवटचें षटक वीस वर्षांच्या सचिन तेंडुलकर यांनीं टाकलें, आणि भारत दोन धावांनीं जिंकला. घरोघर पाहिलेलें तें षटक आमच्या वाचकांपैकीं अनेकांस आठवत असेल. पण त्याच्यामागें खटला उभा होता हें आठवणारे थोडे.

त्या खटल्याचा अंतिम निकाल फेब्रुवारी १९९५ मध्यें लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांचें होतें. मुंबई उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयावर गेलेल्या या महाराष्ट्रीय न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारचा एकाधिकार जसा मान्य होणार नाहीं, तसाच ज्याच्या गांठीं पैसा आहे त्याचाहि नाहीं. लोकहितासाठीं स्वतंत्र सार्वजनिक मंडळानें त्यांचें नियमन करावें. या निकालाचा पहिला भाग फार लवकर अमलांत आला. दुसऱ्या भागाविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. सरकारची पकड सुटतांच खासगी वाहिन्यांनीं हक्क विकत घेतले, रकमा दरवेळीं फुगत गेल्या, आणि कोपऱ्यांतील पट्टी धावांबरोबर पुरस्कर्त्यांचीं बोधचिन्हेंहि मिरवूं लागली. बळी गेला कीं एक नांव, षटकार गेला कीं दुसरें, पंचांचा निर्णय तपासला जात असतां तिसरें!

मार्च २००७ मध्यें संसदेनें कायदा केला कीं, राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरविलेल्या सामन्यांचें प्रक्षेपण हक्कदारानें प्रसार भारतीस द्यावें, आणि तें जाहिरातींवांचून द्यावें. येथेंच आमच्या पट्टीचा प्रश्न उभा राहिला. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सामन्यांत पुरस्कर्त्यांचीं चिन्हें चित्रांतच गुंफलेलीं असतात. वाहिनीनें युक्तिवाद केला कीं, हीं चिन्हें आम्हीं घातलेलीं नाहींत, परिषदेनें घातलीं. तीं चित्राचाच भाग होत, आणि आम्हांस तीं काढतां येत नाहींत. म्हणजे वाद हाच कीं, धावसंख्येशेजारचें चिन्ह हें सामना आहे कीं जाहिरात? दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तें जाहिरात ठरविलें, आणि २७ मे २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तेंच कायम केलें : प्रसार भारतीस जें चित्र द्यावयाचें तें या चिन्हांवांचून द्यावें. एवढ्याशा कोपऱ्याबद्दल इतका खल कशास, असें कोणी म्हणेल. परंतु मैदानावर जें घडतें तें आणि तें विकणाऱ्याची निशाणी यांत भेद आहे, असें कायद्यानें स्पष्टपणें लिहून ठेविलें जाण्याचे प्रसंग फार थोडे. आणि आम्हांस तर हा निर्णय त्या हिरो कपच्या निकालाइतकाच मोलाचा वाटतो.

या निर्मळ चित्राचा लाभ कोणास, हें २२ ऑगस्ट २०१७ च्या दुसऱ्या निकालानें ठरलें. तें दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून व स्वतःच्या उपग्रहसेवेवरूनच दाखवितां येईल, खासगी केबलवरून नव्हे. म्हणून शहरांतील केबलच्या घरांत तें पोंचत नाहीं. ज्याच्या छपरावर दूरदर्शनची तबकडी आहे त्याच्या घरीं पोंचतें. आणि तेथेंहि तें कोरें राहतें असें नाहीं. कायद्याप्रमाणें प्रसार भारतीस त्या चित्रांत आपल्या जाहिराती घालण्याची मुभा आहे. त्यांच्या उत्पन्नांतील रुपयामागें किमान बारा आणे, म्हणजे शेंकडा ७५, मूळ हक्कदार वाहिनीस मिळतात.